एकाचे दोन दिसतात तेव्हा : लकव्याच्या इतिहासातलं एक पान

२०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्त्यावरून ‘जीबीएस’ हे नाव निघालं आणि आठवडाभरात घराघरांत पोचलं. किरकटवाडी, नांदेड गाव, नांदोशी, धायरी, खडकवासला ही नावं नगर जिल्ह्यातल्या लोकांना परकी नाहीत. आमच्या मोहल्ल्यातल्या दर दुसऱ्या घरातलं कुणी ना कुणी पुण्यात कामाला आहे. संध्याकाळी फोन सुरू व्हायचे. पाणी उकळून पी, बाहेरचं खाऊ नकोस, चिकन तर अजिबात नको. व्हॉट्सअॅपवर कुणी त्याला ‘नवा व्हायरस’ म्हणत होतं, कुणी ‘करोनाचा भाऊ’.

तो व्हायरसही नव्हता आणि नवाही नव्हता. गियाँ-बारे सिंड्रोम हे त्याचं पूर्ण नाव, आणि त्या आजाराची नोंद शंभर वर्षांहून जुनी आहे. मला ते आधीपासून माहीत होतं याचं कारण शहाणपण नाही. या आजाराचा एक दुर्मीळ प्रकार आमच्या घरात येऊन गेला होता.

करोनाच्या आधीचा हिवाळा. माझे मामू शिवणकाम करतात. आठ-दहा दिवसांपूर्वी त्यांना जुलाब होऊन गेले होते, ते कुणी लक्षातही ठेवलं नव्हतं. एका सकाळी मशीनवर बसले आणि मुमानीला म्हणाले, “अगे, मेरेकू दो दो सुयां दिखरी.” मुमानीला वाटलं, चष्म्याचा नंबर वाढला असेल. दुसऱ्या दिवशी चालताना तोल जाऊ लागला. जोहरच्या नमाजला रुकूत गेले आणि तिथूनच बाजूच्या माणसावर कलंडले. मशिदीतून घरी येताना पाय असे पडत होते की नाक्यावरच्या पोरांनी एकमेकांकडे बघून घेतलं. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात थेंबाला हात लावला नाही त्याच्याबद्दल दोन तासांत मोहल्ल्यात बोललं जाऊ लागलं की उतारवयात पिऊ लागला. आजारापेक्षा मामूंना तेच जास्त लागलं.

मग सल्ले आले. एका डॉक्टरांनी डोळ्यांचे थेंब दिले. कुणी नजर उतरवली. आणि तिसऱ्या दिवशी पापण्या अर्ध्यावर लोंबल्या, तेव्हा शेजारच्या एका बुजुर्गाने निर्णय दिला: लकवा आहे, कबुतर आणा. लकव्यावर कबुतराचं ताजं रक्त चोळायचं, हा उपाय आपल्याकडे किती खोलवर गेलेला आहे हे वाचकांना सांगायला नको. कबुतर आलंही होतं. ते पिंजऱ्यात असतानाच माझ्या मावसभावाने मामूंना गाडीत घातलं आणि पुण्याला नेलं.

तिथल्या मज्जाविकारतज्ज्ञ बाईंनी फार यंत्रं लावली नाहीत. आधी बोट धरून डोळे फिरवायला सांगितले. बोट डावीकडे गेलं, मामूंची मान वळली, डोळे जागेवरच. मग त्यांनी रबरी हातोडी काढली आणि गुडघ्याच्या वाटीखाली टकटक केली. एरवी पाय उडतो. मामूंचा पाय लाकडासारखा शांत राहिला. ताकद मात्र शाबूत होती, हात दाबून बघितला तर पकड शिंप्याचीच. डोळे हलत नाहीत, तोल राहत नाही, हातोडीला उत्तर मिळत नाही, आणि तरी अंगात जोर आहे. बाई म्हणाल्या, “मिलर फिशर सिंड्रोम दिसतोय.”

मी भाषेचा शिक्षक. आजाराचं नाव ऐकलं की मला आधी ते नाव कुठून आलं हे बघावंसं वाटतं. मामू घरी आल्यावर मी शोधत बसलो. जे सापडलं त्यातलं बरंचसं आपल्याच दाराशी होतं.

सुरुवात त्या बुजुर्गांच्या शब्दापासून. ‘लकवा’ हा शब्द मराठी माणूस आपला समजून वापरतो, ‘अंगावरून वारं गेलं’ इतक्याच सहजतेने. तो अरबी आहे, मूळ उच्चार ‘लक़वा’. जुन्या अरबी वैद्यकात त्याचा अर्थ अख्खं अंग लुळं पडणं असा नव्हताच. लकवा म्हणजे फक्त चेहरा एका बाजूला ओढला जाणं, तोंड वाकडं होणं. अर्धं अंग गेलं तर त्याला शब्द वेगळा होता, ‘फालिज’. अरबीत ‘फलज’ म्हणजे दुभंगणं, दोन भाग होणं. आपला ‘अर्धांगवायू’ त्याच कल्पनेवर उभा आहे. आयुर्वेदातही ही फोड आहे: चेहऱ्याचा तो ‘अर्दित’ आणि अंगाचा तो ‘पक्षाघात’. हात थरथरण्याला अरबीत ‘रअशा’, बधिरतेला ‘ख़दर’. म्हणजे हकिमाला आणि वैद्याला, दोघांनाही, हे वेगवेगळे आजार आहेत हे ठाऊक होतं. आपण त्या सगळ्यांचा एक लकवा करून टाकला, आणि एक आजार म्हटला की एक उपायही आला.

नवव्या-दहाव्या शतकात रय आणि बगदादच्या रुग्णालयांत काम केलेल्या अबू बकर अल-राज़ी यांच्या टिपणांत चेहऱ्याच्या लकव्याचं बारीक वर्णन आहे. त्यांच्या मृत्यूनंतर ती टिपणं ‘अल-हावी’ या प्रचंड ग्रंथात एकत्र झाली. पुढे इब्ने सिनाने (९८० ते १०३७) ‘अल-क़ानून’च्या तिसऱ्या भागात डोक्यापासून पायापर्यंतचे आजार क्रमाने घेतले, त्यात मेंदू आणि नसांच्या विकारांना स्वतंत्र जागा दिली. कारणमीमांसा अर्थातच ग्रीकांकडून आलेली होती: चार द्रव, त्यातला बलगम वाढला की नसा ओल्या आणि ढिल्या होतात. म्हणून उपाय उष्ण आणि कोरडे. युनानीत कबुतराचं मांस उष्ण प्रकृतीचं मानतात. मला वाटतं, आमच्या मोहल्ल्यातलं ते कबुतर याच विचाराचा हजार वर्षं घरंगळत आलेला अवशेष असावं. पुस्तकातला तर्क वाटेत गळून पडला आणि पक्षी तेवढा उरला. हा माझा अंदाज आहे, पुरावा मागू नये.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. आपल्याकडे इब्ने सिनाचं नाव निघालं की ‘युरोपला जे आज कळलं ते आमच्या लोकांना हजार वर्षांपूर्वी माहीत होतं’ असं एक वाक्य पाठोपाठ येतं. मीही तारुण्यात ते भाषणांत वापरलं आहे. मामूंचा आजार इब्ने सिनाला माहीत नव्हता. माहीत असणं शक्य नव्हतं, कारण तो ओळखायला लागणाऱ्या दोन गोष्टी, गुडघ्याचा झटका बघण्याची परीक्षा आणि पाठीच्या कण्यातलं पाणी काढून तपासण्याची पद्धत, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आल्या. इब्ने सिनाचा मोठेपणा वेगळीकडे आहे. त्याने आजार नोंदले, त्यांची वर्गवारी केली आणि त्यांना बाहेरच्या बाधेऐवजी शरीरातलं कारण शोधलं. ते कारण चुकलं, पण शोधण्याची जागा बरोबर होती.

दोन दोन दिसण्याच्या प्रश्नावर मात्र आपल्या एका पूर्वसुरीने खरोखर काम केलेलं आहे. इब्नुल-हैसम, अकराव्या शतकाच्या पहिल्या दशकांत ‘किताबुल मनाज़िर’ लिहिणारा. त्याच्यापुढे प्रश्न होता: डोळे दोन, मग वस्तू एक का दिसते? त्याने एका लाकडी पट्टीवर रेघा काढल्या, त्यांवर मेणाच्या छोट्या खुंट्या उभ्या केल्या, पट्टी नाकाशी धरली आणि मधल्या खुंटीवर नजर रोखली. मधली एकच दिसते, पण अलीकडची किंवा पलीकडची खुंटी दुहेरी होते. त्याने निष्कर्ष काढला की दोन्ही डोळ्यांत प्रतिमा एकमेकांशी जुळणाऱ्या जागी पडली तर वस्तू एक दिसते, जुळणी बिघडली तर दोन. वाचकांनी आत्ता हे करून बघावं. बोट नाकासमोर धरा आणि नजर पलीकडच्या भिंतीवर लावा, बोटं दोन होतील. प्रत्येक डोळ्याला सहा स्नायू आहेत, ते तीन नसांच्या हुकमावर चालतात, आणि ही जुळणी दिवसभर सांभाळत असतात. मामूंच्या त्या नसांनी काम थांबवलं होतं. सुई एकच होती, तिची प्रतिमा दोन ठिकाणी पडत होती.

फारसी-उर्दूत असं दिसणाऱ्याला ‘अहवल’ म्हणतात. मौलाना रूमींच्या मसनवीत त्याची गोष्ट आहे. उस्ताद तिरळ्या शागिर्दाला आतून बाटली आणायला सांगतो. शागिर्द म्हणतो, दोन आहेत, कुठली आणू? उस्ताद सांगतो, दोन नाहीत, एकच आहे. तो ऐकत नाही, तेव्हा म्हणतो, बरं, एक फोड. तो एक फोडतो आणि दोन्ही नाहीशा होतात. सूफींनी याचा अर्थ तौहीदकडे नेला, आणि तो सुंदरच आहे. पण रूमींनी दृष्टांत कुठून घेतला? कुणीतरी खरोखर असं बघणारा माणूस त्यांच्या आसपास असल्याशिवाय गोष्टीत ही अचूकता येत नाही.

आता नगरकडे येऊ. निजामशाहीची आठवण आपल्याकडे फक्त लढाया, मलिक अंबर आणि चांदबीबीपुरती उरली आहे. सलाबतखानाच्या मकबऱ्यालाही लोक चांदबीबीचा महाल म्हणतात, इतकं. पण सोळाव्या शतकात हे शहर वैद्यकाच्या पुस्तकांचंही ठिकाण होतं. बुऱ्हाण निजामशहाच्या पदरी रुस्तम जुर्जानी नावाचा हकीम होता. त्याने ‘ज़ख़ीरा-ए-निज़ामशाही’ हा वैद्यकीय ग्रंथ इथे रचला. आणि दख्खनचा इतिहास लिहिणारा फरिश्ता, ज्याच्या शिवाय आपली मध्ययुगावरची एकही चर्चा पूर्ण होत नाही, तो वाढला अहमदनगरात. त्याचे वडील शहजाद्याला शिकवायला इथल्या दरबारात आले होते. १५८९ मध्ये फरिश्ता विजापूरला गेला. त्याने इतिहासाखेरीज ‘दस्तूरुल-अतिब्बा’ हा वैद्यकावरचा फारसी ग्रंथ लिहिला, हे फार कमी लोकांना माहीत असतं. त्याचा विषय युनानी नव्हे, हिंदुस्थानी वैद्यक. फारसी वाचणाऱ्यांना इथल्या वैद्यांचं ज्ञान कळावं म्हणून लिहिलेलं पुस्तक. ज्या अर्थाने ‘लकवा’ मराठीत आला आणि ‘वारं गेलं’ आमच्या दखनीत गेलं, ती ये-जा लेखी स्वरूपात कशी होत होती, याचा हा नमुना आहे.

यानंतर तीनशे वर्षं आमच्या गोष्टीत विशेष काही घडत नाही. १८५९ साली पॅरिसच्या लँड्री नावाच्या डॉक्टरांनी पायांतून सुरू होऊन वर चढत जाणाऱ्या लुळेपणाचे दहा रुग्ण नोंदवले. लँड्री सहा वर्षांनी कॉलऱ्याच्या साथीत रुग्णसेवा करताना कॉलऱ्यानेच गेले. १८७५ मध्ये एर्ब आणि वेस्टफाल या दोन जर्मन डॉक्टरांनी, एकमेकांना न विचारता, गुडघ्याच्या झटक्याचं वर्णन छापलं. १८९१ मध्ये क्विंके यांनी कण्यात सुई घालून पाणी काढण्याची रीत रुळवली. आपल्याकडे आजही ‘पाठीतलं पाणी काढलं की माणूस कायमचा लुळा पडतो’ असं म्हणून नातेवाईक सही करत नाहीत. उलट आहे. ते पाणी काढता आलं म्हणूनच लुळेपणाचे प्रकार वेगळे करता आले.

१९१६ साली पहिलं महायुद्ध चालू होतं. अहमदनगरात इंग्रजांनी मोठी छावणी उघडली होती, तिच्यात हिंदुस्थानात सापडलेले जर्मन आणि ऑस्ट्रियन नागरिक कोंडले होते: व्यापारी, मिशनरी, खलाशी. त्याच वर्षी फ्रान्सच्या सहाव्या सैन्याच्या मज्जाविकार केंद्रात जॉर्ज गियाँ, जाँ-अलेक्झांडर बारे आणि आंद्रे स्ट्रोल या तिघांसमोर दोन सैनिक आले. हातपाय ढिले, मुंग्या, हातोडीला उत्तर नाही. पाठीतलं पाणी तपासलं तर प्रथिनं वाढलेली आणि पेशी मात्र नेहमीइतक्याच. जंतुसंसर्गाने मेंदूच्या आवरणाला सूज आली असती तर पेशी वाढायला हव्या होत्या. म्हणजे हे काही निराळं होतं. आणि दोघंही सुधारत गेले, ही सगळ्यात मोठी गोष्ट, कारण लँड्रींचा आजार तेव्हा मरणाचाच मानला जात होता. ऑक्टोबर १९१६ मध्ये तिघांनी ते वाचून दाखवलं. आजाराला पुढे गियाँ आणि बारे यांची नावं लागली. तपासणीचं विद्युत-यंत्राचं काम ज्याने केलं त्या स्ट्रोलचं नाव गळून पडलं. शाळेच्या स्नेहसंमेलनात पडदे लावणाऱ्याचं नाव जसं गळतं तसं.

मिलर फिशर मात्र एकच माणूस आहे, दोन नव्हेत, हे मला उशिरा कळलं. चार्ल्स मिलर फिशर, जन्म १९१३, कॅनडा. दुसऱ्या महायुद्धात नौदलात डॉक्टर म्हणून गेले. ‘व्होल्टेअर’ नावाचं त्यांचं जहाज एप्रिल १९४१ मध्ये जर्मनांनी बुडवलं, आणि फिशर साडेतीन वर्षं जर्मनीतल्या कैदेत राहिले. त्या वर्षांचा हिशोब मांडताना मला साहजिकच आमचा किल्ला आठवला. ऑगस्ट १९४२ पासून अहमदनगरच्या किल्ल्यात मौलाना आझाद, नेहरू आणि काँग्रेस कार्यकारिणीचे इतर सदस्य कोंडलेले होते. मौलाना पहाटे चहा घेऊन ‘ग़ुबारे-ख़ातिर’मधली पत्रं लिहीत होते, जी पाठवता येणार नव्हती. तिकडे एक कॅनडियन डॉक्टर कैदी खलाशांवर उपचार करत होता. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण भुईकोट किल्ल्याच्या खंदकाकडेने जाताना मला आता दोन्ही एकदम आठवतात, त्याला इलाज नाही.

सुटून आल्यावर फिशर पुढे बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये आले. पक्षाघात होण्याआधी काही मिनिटांपुरतं बोलणं किंवा दृष्टी जाते आणि परत येते, ती धोक्याची सूचना असते, हे आज प्रत्येक डॉक्टर सांगतो, त्याचा पाया घालणाऱ्यांत फिशर आहेत. १९५६ साली त्यांनी तीन रुग्णांवर एक लेख छापला. तिघांचेही डोळे हलणं थांबलेलं, चाल डगमगती, हातोडीला उत्तर नाही, पण अंगात जोर. तिघंही बरे झाले. फिशर यांनी म्हटलं, हा गियाँ-बारेचाच अनोखा प्रकार असावा. त्यांच्या आधी १९३२ मध्ये लंडनच्या कोलिअर यांनी ही तीन लक्षणं एकत्र नोंदली होती, पण नाव फिशरांचं लागलं. काही जण म्हणत राहिले की तोल जातो म्हणजे दोष मेंदूत असणार, बाहेरच्या नसांत नव्हे. हा वाद पुढे बराच काळ चालला.

उत्तर जपानमधून आलं. १९९२ मध्ये अत्सुरो चिबा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की या रुग्णांच्या रक्तात एक विशिष्ट प्रतिपिंड सापडतं. ते ‘जीक्यू-१-बी’ नावाच्या स्निग्ध-शर्करेच्या रेणूवर जाऊन बसतं. हा रेणू कुठे भरपूर असतो? डोळे फिरवणाऱ्या त्याच तीन नसांमध्ये. दहातल्या जवळजवळ नऊ रुग्णांत हे प्रतिपिंड मिळतं. मग ते तयार का होतं? तर आधी होऊन गेलेल्या साध्या आजारामुळे, सर्दी-खोकला किंवा जुलाब. कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी नावाचा जंतू आहे, अर्धकच्च्या कोंबडीतून, दूषित पाण्यातून पोटात जाणारा. त्याच्या अंगावरची साखरेची नक्षी माणसाच्या नसांवरच्या नक्षीसारखी असते. शरीराचे पहारेकरी जंतूला मारायला शिकतात, जंतू जातो, आणि मग ते त्याच चेहऱ्याच्या घरच्या माणसावर धावून जातात. नक्षी हातापायांच्या नसांशी जुळली तर गियाँ-बारे. डोळ्यांच्या नसांशी जुळली तर फिशर. मामूंच्या त्या विसरलेल्या जुलाबांचा अर्थ मला असा पुस्तकातून कळला.

हे लाखांतल्या एखाद्याला होतं, तेही का, याचा पूर्ण उलगडा अजून झालेला नाही. गियाँ-बारेचं प्रमाण वर्षाला लाखात एक ते दोन. फिशरचा प्रकार त्याहून विरळा, दहा लाखांत एक-दोन, जपान-तैवानकडे थोडा जास्त. २०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या ४५ लाखांच्या पुढे होती. म्हणजे अकोल्यापासून जामखेडपर्यंत वर्षाला पाच-दहा माणसांना हे होत असणार. त्यातल्या किती जणांना नाव कळतं आणि किती जणांना ‘पिऊ लागला’ हे ऐकावं लागतं, याची नोंद कुठल्याही रजिस्टरमध्ये नाही.

याच गणिताने पुण्याकडे बघावं. पन्नास लाखांच्या शहरात वर्षभरात पन्नास ते शंभर रुग्ण नेहमीचेच असतात. २०२५ च्या पहिल्या दोन महिन्यांत संशयित आणि निश्चित मिळून आकडा दोनशेच्या पुढे गेला, मृत्यू दहाच्या वर. रुग्ण एका पट्ट्यात दाटलेले. राष्ट्रीय विषाणू संस्था पुण्यातच आहे, तिथे नमुने गेले. काहींच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर सापडला, काहींत नोरोव्हायरस. संशयाचा काटा पाण्याकडे वळला. नव्याने पालिकेत आलेली गावं, विहिरीचं पाणी, टँकर, शुद्धीकरणाशिवाय घरी पोचणारा नळ. म्हणजे दोनशे कुटुंबांवर कोसळलेली ही मज्जाविकाराची गोष्ट मुळात पाणीपुरवठ्याची होती. पण आमच्या गल्लीत परिणाम झाला तो चिकनच्या दुकानांवर. आमच्या शाळेतल्या एका मुलाचे वडील चिकन विकतात. ते मला विचारत होते, “सर, शिजलेल्या कोंबडीने होतं का?” नीट शिजलेल्या कोंबडीत हा जंतू जगत नाही. कच्चं मांस कापलेल्या पाटीवर काकडी कापली तर मात्र होऊ शकतं. मी सांगितलं, त्यांनी दुकानात पाटी लिहून लावली, गिऱ्हाईक तरी महिनाभर आलं नाही.

उपचारांचा इतिहास आणखी अलीकडचा. १९८५ च्या मोठ्या चाचणीने सिद्ध केलं की रक्तातला द्रव काढून बदलला, म्हणजे प्लाझ्मा बदलला, तर गियाँ-बारेचे रुग्ण लवकर उभे राहतात. १९९२ मध्ये डच डॉक्टरांनी दाखवलं की शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन दिलं तरी तेवढाच गुण येतो. वजनाच्या दर किलोला दोन ग्रॅम, बहुधा पाच दिवसांत विभागून. साठ किलोच्या माणसाला १२० ग्रॅम, म्हणजे पाच ग्रॅमच्या चोवीस बाटल्या. साथीच्या दिवसांत एका इंजेक्शनची किंमत वीस हजारांच्या आसपास सांगितली जात होती. शेवटी सरकारने महापालिकांच्या रुग्णालयांत आणि ससूनमध्ये मोफत उपचार जाहीर केले. साथ नसलेल्या वर्षी, एकट्यादुकट्या रुग्णाला, तोही नगरच्या, हा आकडा एकट्यालाच ऐकावा लागतो. आम्ही ऐकला होता. बाई म्हणाल्या होत्या, फिशरच्या प्रकारात बहुतेकदा वाट बघितली तरी पुरतं, पण गिळायला किंवा श्वासाला त्रास झाला तर लगेच द्यावं लागेल, तयारी ठेवा. रात्रभर आम्ही वॉर्डबाहेर बसून बेरीज करत होतो: मुमानीच्या बांगड्या, मावसभावाची भिशी, मामूंचं ओव्हरलॉक मशीन.

त्याच रात्री मी मुमानीला समजावत होतो की हे औषध कारखान्यात उकळून होत नाही, हजारो रक्तदात्यांच्या रक्तातून काढतात, एकेका तुकडीत हजारो लोकांचं मिसळलेलं. तिने विचारलं, “किसका खून रहता उसमें?” मी म्हटलं, कुणाचंही. नाव-गाव कळत नाही. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग तिने जायज-नाजायज विचारलं. जीव वाचवण्यासाठी रक्त घेण्याला उलेमांनी परवानगी दिलेली आहे, हे मी सांगितलं. तिला ते पुरलं नाही. म्हणाली, “वो नै पूछरी मैं. हमारेकू भी देना पडेंगा ना फिर?”

औषधाची वेळ आली नाही. सोळाव्या दिवशी मामूंचा उजवा डोळा कोपऱ्यापर्यंत गेला. पापण्या उचलल्या. महिन्याने काठी घेऊन अंगणात, अडीच महिन्यांनी मशिदीत, आधी खुर्चीवर, मग सफेत. हातोडीला गुडघा सगळ्यात शेवटी उत्तर देऊ लागला, पण त्याने काही अडत नव्हतं. कबुतर मुमानीने गच्चीवर सोडून दिलं होतं, ते गेलं नाही, अजून तिथेच असतं.

नाक्यावरच्या पोरांना मी हा सगळा इतिहास एकदा सांगितला. त्यांतला एक फार्मसीला आहे. त्याने मामूंची माफी मागितली. मामू मशीनवर होते. त्यांनी वर न बघता सुईत दोरा ओवला, दाताने तोडला, आणि त्याच्या पँटची उंची विचारली.